ओला पंचा

फळ्यावर ‘कापूर’ लिहिताना सुनीतीच्या हातातला खडू मोडला. खडू मोडणं काही विशेष नव्हे. सोळा वर्षांच्या मास्तरकीत हजारो मोडले असतील. तुकडा पायाशी पडला, ती उचलायला वाकली, आणि वाकल्यावर तिला वर येता येईना. समोर सतरंजीवर बसलेल्या बायकांना वाटलं, बाईंच्या कमरेत उसण भरली. एकीनं उठून हात द्यायची तयारीही केली. पण कंबर ठीक होती. फळ्याखालच्या लाकडी पट्टीला हात टेकवून ती नुसती फरशीकडे बघत राहिली होती, आणि मागून डॉक्टरीणबाई म्हणत होत्या, “मोठ्या अक्षरात लिहा बाई. मागच्यांना दिसू दे.”

त्या शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर वरच्या वर्गात तान्ह्या मुलांच्या आयांसाठी व्याख्यान ठेवलं होतं. दिवाळी होऊन गेली होती. पाऊस थांबून महिना झाला तरी मालवणातल्या माडांच्या बागांत पाणी साचलेलं होतं, आणि १९८९ च्या त्या कार्तिकात घरोघर कोणी ना कोणी थंडीतापानं हुडहुडत होतं. सरकारी दवाखान्यात नव्यानं आलेल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पुण्याकडच्या होत्या, आणि पुस्तकात बघितल्याशिवाय बोलत होत्या. हेडमास्तरांनी सुनीतीला फळ्याशी उभं केलं होतं, कारण शाळेत तिच्यासारखं अक्षर कोणाचं नव्हतं. तिनं लिहून घेतलं होतं: बाळ दिवसा झोपलं तरी मच्छरदाणी लावावी, कडा गादीखाली खोचाव्यात, करवंट्या, फुटकी मडकी पालथी घालावीत, अंगभर सुती कपडे घालावेत, डास चावला तर गार पाण्याचं फडकं ठेवावं, बाळाची नखं कापावीत, चुना लावू नये, रॉकेल लावू नये, ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावं. लिहिताना तिचं लक्ष अक्षराकडे होतं, अर्थाकडे नव्हतं. मग दांडी किनाऱ्यावर राहणाऱ्या पार्वतीनं, मांडीवरच्या पोराला थोपटत, विचारलं होतं की आमची सासू खोबरेलात कापूर घालून चोळते, डास जवळ येत नाहीत, ते चालेल ना? तान्ह्या मुलाला कापूर कधीही लावायचा नाही, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. तो कातडीतून आत जातो. थोडा जास्त झाला की मुलाला झटके येतात. “आणि मग सगळे म्हणतात ताप डोक्यात गेला, कोणी म्हणतं बाहेरची बाधा झाली. अंगाला काय चोळलं होतं, ते घरात कोणी विचारत नाही.”

सुनीती सावकाश उठली. तिनं उरलेल्या खडूनं लिहिलं, कापूर लावू नये. ‘ये’ची मात्रा द्यायची राहिली. बायका उठून गेल्या, त्यांची पोरं रडत-हसत जिन्यावरून उतरली, हेडमास्तर चहा सांगायला गेले, तेव्हा तिनं डॉक्टरीणबाईंना विचारलं. शाळेतल्या एका मुलीबद्दल विचारते आहे, असं म्हणाली. पाच महिन्यांची असताना, कापूर लावल्यावर, एकदा झटका आला होता. मग पुन्हा केव्हाही येऊ शकतो का? बाई पिशवीत कागद भरत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, “किती वेळा आला होता?”

“एकदाच.”

“अंगातून कापूर उतरला की संपलं. त्या मुलीला काही झालेलं नाही, बाई.”

शाळेपासून मेढ्यातल्या घरापर्यंतचा रस्ता वीस मिनिटांचा. डोक्यावर ऊन होतं आणि छत्री हातात मिटलेलीच राहिली होती. त्या मुलीला काही झालेलं नाही. हे वाक्य तिला सुखाचं वाटायला हवं होतं. नीरजा, तिच्या भावाची मुलगी, घरात सगळ्यांची नीरू, नऊ वर्षांची, तिला काही झालेलं नाही. पण ह्या ‘काही नाही’च्या भोवती नऊ वर्षं कशी बांधली गेली होती, ते सुनीतीला एक एक करून दिसत होतं, आणि दर पावलाला नवं काही आठवत होतं. तीन वर्षं वहिनीनं फिटच्या गोळ्या कुटून मधातून दिल्या होत्या. त्या गोळ्यांनी पोर जेवता जेवता पेंगायची, पाटावरच कलंडायची, आणि सगळे म्हणायचे, फिटवाली पोर, अशीच मंद राहणार. एक वर्ष उशिरा शाळेत घातली. विहिरीवर जायचं नाही. समुद्रात घोट्यापलीकडे उतरायचं नाही. सायकल नाही, झोपाळा नाही, चुलीजवळ एकटीनं बसणं नाही. गेल्या वर्षी विजयदुर्गाच्या सहलीच्या यादीत तिनं हौसेनं स्वतःचं नाव लिहिलं होतं, आणि ते नाव ह्याच हातानं, लाल शाईनं, सुनीतीनं खोडलं होतं. गाडी तळेऱ्याला थांबली तेव्हा मुलींनी नीरूसाठी चिंचेच्या गोळ्या घेतल्या. त्या गोळ्या सुनीतीनंच आणून दिल्या. नीरूनं त्या मोजून डब्यात ठेवल्या आणि विचारलं होतं, आत्या, तळेरे म्हणजे गाव कसो आसा? तिथे काय, चार रस्ते मिळतात, असं सुनीतीनं सांगितलं होतं.

मला ठाऊक नव्हतं, असं ती मनात म्हणाली. ते खरं होतं. तो दिवस तिला पाठ होता. आदल्या रात्री मच्छरदाणीचं एक टोक निसटलं होतं, आणि सकाळी बाळाच्या गालावर, पोटऱ्यांवर, मुठींवर लाल गांधी उठल्या होत्या. बाळ किरकिरून दमलं होतं आणि यशोदा, वहिनी, तीन रात्रींची जागी होती. दुपारी जेवणं झाल्यावर सुनीतीनंच म्हटलं, “वयनी, तू वायच पड. मी बघतंय तिका.” यशोदा वालावलच्या देवळाजवळच्या घरातली, आठ भावंडांतली मोठी, निजायला सांगावं लागणारी बाई नव्हे; पण त्या दिवशी भुईवर पडल्या पडल्या तिला झोप लागली. सुनीतीची आई शेजारी गेली होती. दादा, म्हणजे हरिश्चंद्र, कचेरीत. घरात फक्त सुनीती आणि मांडीवर बाळ. आपण शिकलेल्या, आपण मास्तरीण, आपल्याला चार गोष्टी कळतात, ह्या भावनेनं त्या दुपारी तिचं मन भरून आलं होतं हेही तिला आठवत होतं. पोटी पोर नसलेल्या बाईच्या मांडीवर पोर दिलं की तिच्यात एक हावरेपणा येतो. काहीतरी करायचं असतं. ह्या पोराला जे आईला जमलं नाही ते आपण करून दाखवायचं असतं. तिनं देव्हाऱ्यातल्या डबीतल्या कापराच्या वड्या घेतल्या. दोन घेतल्या, मग आणखी दोन. वाटीत चुरल्या, खोबरेल कोमट करून ओतलं, आणि प्रत्येक गांधीवर, मग सगळ्याच अंगावर, मऊ हातानं, गाणं म्हणत चोळलं. बाळ गप्प झालं. किती गप्प झालं म्हणून तिला अभिमान वाटला.

आणि मग बाळाचे डोळे वर गेले. अंग लाकडासारखं ताठ झालं, मुठी वळल्या, ओठांच्या कडेला फेस आला.

इथवर आठवण सरळ यायची. पुढे मात्र ती दर वेळी एका ठिकाणी अडखळायची आणि मग जरा बाजूनं जायची, अंगणात झोपलेल्या कुत्र्याला वळसा घालून जावं तशी. सुनीतीच्या आठवणीत ती ओरडली होती. “वयनी!” अशी हाक मारली होती, यशोदा धडपडत उठली होती, बाळाला उचललं होतं, दोघी अनवाणी रस्त्यावर पळाल्या होत्या. म्हाताऱ्या डॉक्टरांनी बाळाला टेबलावर घेऊन विचारलं होतं, “अंगाला काय लावलात? पोटात काय दिलात?” यशोदा म्हणाली, काही नाही. डॉक्टरांनी सुनीतीकडे बघितलं. तिनं मान हलवली. बाळाच्या अंगाला तेव्हा काहीच नव्हतं; कापराचा वास तेवढा होता, तो सगळ्यांना पूजेचा वाटला. कारण तेल तिनं पुसलं होतं. केव्हा पुसलं होतं? हाक मारल्यावर, यशोदा उठेपर्यंतच्या धांदलीत, असं तिनं नऊ वर्षं धरून ठेवलं होतं. आज रस्त्याच्या कडेला, एका दगडी गडग्याला टेकून उभी असताना, तो क्रम तिला धरून ठेवता येईना. हात आधी पंच्याकडे गेला होता. दांडीवरचा ओला पंचा तिनं ओढला होता, बाळाचं ताठ अंग उताणं करून, पालथं करून, मानेच्या वळीतून, काखेतून, मांड्यांच्या सांध्यातून नीट पुसून काढलं होतं, जसं फळा पुसताना कोपरे राहू नयेत म्हणून पुसावं तसं. वाटी पाटाखाली सरकवली होती. आणि मग हाक मारली होती. मधे किती वेळ गेला? शंभर आकडे? दोनशे? ठाऊक नव्हतं तर पुसलं का? हाच तो कुत्रा. आज तो उठून तिच्यासमोर उभा होता.

तिला तेव्हा हेही आठवलं की संध्याकाळी बाळाला उतार पडून घरी आणल्यावर तिनं ती वाटी राखेनं दोनदा घासली होती. आई शेजारणींना सांगत होती, “डासांनी फोडून काढल्यानी चेडवाक, ताप डोक्यात गेलो. आवशीक इतकी झोप लागताच कशी?” बाळाला ताप नव्हता. कोणाच्या ते ध्यानात आलं नाही, आणि ज्या एकीच्या ध्यानात होतं ती वाटी घासत होती. यशोदा खांबाला टेकून ते ऐकत होती. तिनं ते ऐकलं आणि आत ठेवून घेतलं. त्या दिवसापासून ती रोज तिन्हीसांजेला मच्छरदाणीच्या चारही कडा खोचून वर नदीतले गोटे मांडून ठेवायची. नऊ वर्षांच्या मुलीच्या अंथरुणाला अजून गोटे होते. दुसऱ्या मुलाचा विषय एकदा आईनं काढला, तेव्हा यशोदा सासूला उलट न बोलणारी बाई, पण म्हणाली होती, “माज्यान एक मच्छरदाणी नीट खोचूक जावक नाय. दुसरां पोर खंयच्या तोंडान मागू?” सुनीती तेव्हा ओटीवर वह्या तपासत होती. तिनं पुढची वही उघडली होती. आई दोन वर्षांपूर्वी गेली, तीही सुनेला तो दोष तसाच ठेवून गेली. किती वेळा सांगता आलं असतं. आईच्या दहाव्याला. नीरूच्या गोळ्या बंद झाल्या तेव्हा. कुठल्याही दुपारी, गवार मोडता मोडता. पण दर वर्षी ती गोष्ट अधिक सांगण्यासारखी होण्याऐवजी अधिक न सांगितलेली होत गेली. पहिल्या दिवशी ती चूक होती. महिन्यानं ती लपवलेली चूक झाली. पुढे पुढे तिच्यात चूक राहिलीच नाही, नुसतं लपवणं राहिलं.

घरी पोचली तेव्हा यशोदा मागच्या पडवीत आडाळ्यावर नारळ खवत होती. नीरू शेजारच्या सुगंधाकडे खेळायला गेली होती. सुनीतीनं पाय धुतले नाहीत, साडी बदलली नाही, समोर भुईवर बसली आणि बोलायला लागली. शाळेत व्याख्यान झालं तिथपासून तिनं सांगितलं. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते सांगितलं, आणि मग आपण त्या दुपारी काय केलं होतं ते. चार वड्या. कोमट खोबरेल. नीरूला फिटचं दुखणं कधी नव्हतंच, पुन्हा काही होणार नाही, हेही. यशोदाचा हात आडाळ्याच्या पात्यावर थांबला होता. मग तिनं विचारलं, “म्हणजे मच्छरदाणीचां टोक न्हय?”

“न्हय.”

“माजी झोप न्हय?”

“न्हय गो वयनी.”

यशोदा रडायला लागली. आवाज नव्हता. नुसते खांदे हलत होते आणि खवलेल्या खोबऱ्यात पाणी पडत होतं. मग तिनं खोबऱ्याचा हात तसाच पुढे करून सुनीतीचा हात धरला. “तुमका तरी खंय म्हायत होतां, वन्सं,” ती म्हणाली. “तुमी बऱ्यासाठीच केलात.”

तो हात गरम होता, ओशट होता. सुनीतीला वाटलं, संपलं. इतकं सोपं होतं आणि नऊ वर्षं लागली. रस्त्यावर गडग्याजवळ जो प्रश्न उभा राहिला होता तो ह्या बाईला ठाऊक नव्हता, आणि न सांगितला तर कधीच ठाऊक होणार नव्हता. नीरू मोकळी झाली, वहिनी मोकळी झाली, आणि माफीही मिळाली, न मागता. आता उठावं, पाय धुवावेत, चहा ठेवावा. यशोदा हात सोडून पदरानं डोळे पुसत होती, आणि पुसता पुसता हसतही होती, लग्न होऊन ह्या घरात आली तेव्हा हसायची तशी. ते हसू सुनीतीला सोसलं नाही. एवढं तरी खोट्यावर घ्यायचं नव्हतं.

“वयनी, आयक,” ती म्हणाली. “तिचे डोळे वर गेले तेव्हा मी आधी तिका पुसलंय. सगळां आंग पुसलंय. मगे तुका हाक मारलंय.”

यशोदाला आधी ते कळलं नाही. मग कळत गेलं, आणि तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी हळूहळू आत ओढून घेतल्यासारखं झालं. तिनं आवाज चढवला नाही. तिनं साधे प्रश्न विचारले, एखादी हरवलेली वस्तू शोधताना विचारावेत तसे. कशानं पुसलं? पंच्यानं. कुठल्या? दादाच्या, हिरव्या काठाच्या. मग तो कुठे टाकला? मागच्या दांडीवर. यशोदानं मान हलवली.

“मी धुतलंय तो,” ती म्हणाली. “दुसऱ्या दिसा. तेल लागलेलां होतां त्याका. माका वाटलां, ह्यांनी डोक्याचां तेल पुसलां.” मग तिनं विचारलं, “डॉक्टरांनी इचारल्यानी तेव्हा तुमी थंयच होतात.”

“हां.”

“कित्याक नाय सांगलात?”

सुनीतीला उत्तर माहीत होतं आणि ते फार लहान होतं. मास्तरीणबाई चुकली असं कोणी म्हणू नये, एवढंच. पोराचा जीव टेबलावर होता आणि ती स्वतःचं नाव सांभाळत होती. “माका भय वाटलां,” ती म्हणाली. “माजाच.”

यशोदानं आडाळा जवळ ओढला आणि उरलेली वाटी खवायला घेतली. खवता खवता, खाली बघून, ती म्हणाली, “ह्यांका तुमीच सांगा. आणि नीरूकव. तुमच्या तोंडान.” वन्सं म्हणाली नाही.

हरिश्चंद्र सहाला आला. त्यानं उभ्यानंच सगळं ऐकलं, बहिणीकडे बघितलं, काढलेला सदरा पुन्हा अंगात घातला आणि बाहेर पडला. जेवायच्या वेळी परतला आणि जेवला. पानावर सुनीतीला भात कमी वाढला गेला असं नाही. उलट यशोदानं नेहमीसारखा दोनदा विचारून वाढला, आणि ते अधिक जड गेलं.

नीरूला सांगायचं सकाळवर पडलं. रविवार होता. ती ओटीच्या पायरीवर बसून शाळेच्या वहीत होडी काढत होती. सुनीती शेजारी बसली. वर्गात चाळीस मुलींसमोर तिला कधी शब्द शोधावे लागले नव्हते. ह्या एका पोरीपुढे ती दोनदा सुरुवात करून थांबली. मग तिनं सगळं सांगितलं, मुलीला कळेल अशा वाक्यांत, पुसल्याचंसुद्धा. नीरूनं पेन्सिल थांबवली नाही. शिडाच्या दोऱ्या काढून झाल्यावर तिनं विचारलं, “माका दुखलेलां?”

“दुखलां आसतलां. तू रडूक नाय पण.”

“आता माका फिट येवची नाय?”

“नाय.”

“विहिरीर गेलंय तर चलात?”

“चलात.”

नीरू विचार करत होती. सुनीती वाट बघत होती, की आता ती विचारेल, तू असं का केलंस. आणि त्या प्रश्नाला रात्रभर जुळवलेलं एक उत्तर तिच्याजवळ होतं. पण मुलीच्या डोक्यात वेगळंच काही चाललं होतं. तिच्या भुवया जवळ आल्या. “मग आयेन काय केलेलां?” तिनं विचारलं. “आजी म्हणायची, आयेमुळां झालां. मी आयकलंय.”

“आयेन कायच करूक नाय, नीरू. कायच नाय.”

नीरूनं वही मिटली. ती उठली, परकर सावरला, आणि आतल्या काळोख्या माजघरातून स्वयंपाकघराकडे गेली. यशोदा चुलीपुढे घावन घालत होती, तव्यावर पीठ पडल्याचा चुर्र आवाज ओटीवर ऐकू येत होता. मग नीरूचा आवाज आला. शाळेतून आलेला एखादा निरोप सांगावा इतक्या साध्या सुरात ती सांगत होती.

“आये, तू कायच करूक नाय हा.”

तव्याचा आवाज थांबला. घावन करपल्याचा वास आला आणि ते कोणी तव्यावरून काढलं नाही. सुनीती पायरीवर बसून राहिली. आत काय चाललं असेल ते तिला दिसत नव्हतं. उठून दोन पावलं टाकली असती तर दिसलं असतं. ती उठली नाही.